लसणाचं गाणं, मासोळीचं गाणं

भिलाईत तेव्हा कारखाना थोडा आणि धूळ फार होती. संध्याकाळी कामावरून आलेला माणूस झोपडीच्या दारात उभा राहून आधी आपलं नाव सांगायचा, मग बायको त्याला आत घ्यायची. चेहरा पाहून घ्यावं म्हटलं तर सगळ्यांचे चेहरे त्या लाल मातीचेच. एकदोन बायकांनी चुकीचा माणूस आत घेतला, जेवू घातला आणि सकाळी तोंड धुतल्यावर ओळखला, असंही झालं. ते लोक पुढे चांगल्या नोकरीला लागले, म्हणून नावं सांगत नाही.

सुपेल्याच्या अलीकडे माळावर ठेकेदाराच्या मजुरांची वस्ती होती. माझ्या शेजारच्या झोपडीत चिंधू आणि गयाबाई राहायचे. साकोलीकडे तळ्याचं निमगाव म्हणून गाव आहे, तिथले. गावात शेत नव्हतं. घर होतं, पण इकडे यायच्या आधी त्याच्या छपराचे कवेलू आणि बल्ल्या विकून ते मोकळे झाले होते. म्हणजे परत जायचं म्हटलं तर चार मातीच्या भिंती, आणि त्यांच्यावर आभाळ.

या दोघांच्या गावाची एक रीत होती. तिथं बाया घड्याळावर रांधत नाहीत आणि मापावरही नाही. प्रत्येक भाजीला तिचं गाणं ठरलेलं. लाखोरीची डाळ शिजायला लसणाचं गाणं तीनदा म्हणायचं, मग फोडणी. पाटोडीचं गाणं लांबलचक, कारण बेसन घोटताना हात थांबला की गुठळी होते. त्या गाण्यात दमच घ्यायला जागा नाही. आंबाडीचं गाणं रडकं, पाला उकडून पिळून घ्यावा लागतो म्हणून. गयाबाईला कोणी विचारलं, "बाई, कढी किती वेळ उकळू?" तर ती म्हणायची, "नणंद रुसून घरी जाईस्तोवर." कढीच्या गाण्यात नणंद शेवटच्या ओळीला रुसते.

पण खरी गंमत वाढताना. ताट पुढे ठेवून बाई त्या भाजीच्या गाण्याची एक ओळ म्हणणार, आणि जेवणाऱ्यानं पुढली ओळ म्हणायची. त्याला जोड देणं म्हणत. जोड दिल्याशिवाय घास उचलायचा नाही. उपाशी माणसाला पाठांतर लवकर होतं, म्हणून त्या गावातले सगळे पुरुष कवी असावेत असा माझा अंदाज आहे.

चिंधूची जोड तर अशी की ती ऐकायला वस्तीतली माणसं आपापली ताटं घेऊन त्यांच्या दारात बसत. मी तर रोजच बसे. गयाबाई डाळ वाढून म्हणायची,

"लसणाच्या कांदीवर पाकळ्यांची दाटी,
कोण जी पाव्हणा आला माह्या घराच्या वाटी?"

आणि चिंधू मान तिरपी करून, डोळे मिटून, असा काही सूर लावायचा,

"पाव्हणा नोहे गे बाई, धनी तुह्या घराचा,
चिंधू माहं नाव, सांग डाळीत वाटा कोणाचा?"

एकदा त्या सुरानं क्रेनवाला इतका गुंगला की लोखंडाची तुळई अर्ध्यात लटकवून तो खाली जेवायला आला. तुळई दोन दिवस तशीच लोंबत होती. तिच्या सावलीत लोक बिडी ओढत.

चिंधूचं काम रिबिट, म्हणजे पोलादी पत्रे जोडायचे खिळे, ठोकण्याचं. मोठमोठ्या पोलादी टाक्या उभ्या राहत होत्या. बाहेरचा माणूस हवेचा हातोडा चालवायचा आणि आतला माणूस लोखंडी ठोकळा रिबिटाच्या डोक्याला लावून पाठीनं रेटून बसायचा. चिंधू आतला. टाकीच्या पोटात तो आवाज कसा घुमत असेल ते तुम्हीच ताडा. इथे हातोडा सुरू झाला की तिकडे दुर्गच्या कोंबड्या घाबरून वेळेआधी अंडी टाकायच्या आणि दुर्गचे व्यापारी ठेकेदाराला दुवा द्यायचे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गयाबाईचा चेहरा उतरल्यासारखा दिसू लागला. मागून हाक मारली तर नवरा वळून पाहत नव्हता. पाणी मागितलं तर बसून राही. ती मला म्हणाली, "धोंडबा भाऊजी, याईचं मन नाई राह्यलं माह्यावर. भाजीले जोड देते, मले जवाब देत नाई."

"अवो, थकून येते तो," मी म्हणालो.

"थकून येते तं गाते कसा?"

मी बिडी पेटवायला घेतली.

त्या संध्याकाळी तिनं आंबाडीची भाजी केली होती. वरून लसूण-मिरचीचं लाल तेल. ताट त्याच्यापुढे आदळलं आणि रागारागात गाणं म्हटलं ते मासोळीचं,

"सुकली बाई मासोळी, पाण्याले विसरली..."

चिंधूनं ताटाकडे पाहिलं, मान तिरपी केली, डोळे मिटले आणि सुरात म्हणाला,

"सासूच्या बोलाहून गोड, वाढ बाई अजून!"

ही आंबाडीची जोड. दारातले लोक हसले. त्यांना वाटलं नवराबायकोची मस्करी चालली आहे. गयाबाई हसली नाही. ती त्याच्या मागे गेली आणि पितळी परातीवर उलथनं हाणलं. मी तिसऱ्या झोपडीतल्या कुत्र्याला उडालेलं पाहिलं. चिंधू भात कालवत होता.

लोक गेल्यावर ती त्याच्या समोर बसली, तोंड मोठं करून एकेक शब्द बोलली. "कधीपासून आयकू नाई येत?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मला पाहून त्याला बरं वाटलं नाही, पण मी घरातलाच. मग तो नको तितक्या मोठ्यानं म्हणाला, "बोंबलू नको!" बोंबलत तोच होता. "टाक्यायचं काम सरून राहिलं. ठेकेदार जाते. कारखान्याची कायमची भरती हाये. डाक्तर तपासते. भैऱ्याले कोण घेईन? घरात नळ असते म्हणते, गया. पक्कं क्वार्टर, अन् घरात नळ. मी तुले नळ दाखवीन म्हटलं होतं."

एवढं सगळं त्या एका नळावर आणि त्या एका तपासणीवर येऊन ठेपलं होतं. पास झाला तर क्वार्टर. नापास झाला तर ठेकेदाराबरोबर झोपडीही उठणार, आणि निमगावला छप्पर नव्हतं.

गयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

तिथून पुढे त्या बाईनं जे केलं त्याला तोड नाही. वस्तीत कोणाला संशयही येऊ दिला नाही. चिंधू ताट पाहून जोड देई. ती ठरलेल्या भाजीला ठरलेलंच गाणं म्हणे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एवढंच नाही, तिला काही सांगायचं असलं तर ती रांधून सांगू लागली. माहेरहून भाऊ यायचा असला तर पाटोडी, कारण त्या गाण्यात भाऊ बैलगाडीतून येतो. ठेकेदाराचा मुकादम चौकशी करून गेला तर कारल्याची भाजी. एकदा भांडण करायचं होतं, तर तिनं सलग आठवडाभर कढीच केली. चिंधूनं हात जोडले तेव्हा थांबली.

टाक्या सरल्यावर त्याला दुसरं काम मिळालं. जमिनीत गाडायच्या मोठ्या पाइपांच्या पोटात शिरून गरम डांबर फासायचं. तिथून बाहेर पडलेला माणूस डांबराच्या बाहुलीसारखा दिसे, तासभर खोकत बसे. चिंधू कुरकुरला नाही. "इथं आवाज नाई," तो म्हणाला. "सगळेच माह्यासारखे." घरी येऊन तसाच जेवायचा, तशीच जोड द्यायचा. "आज डाळ थोडी खारट झाली वं," असंही म्हणायचा, आणि ती खारट असायचीच.

मग भरतीची तपासणी लागली. आमच्यातला हिरालाल आधीच पास होऊन कायम झाला होता आणि त्याला डाक्तरच्या टिनाच्या शेडमध्ये रांग लावायचं काम मिळालं होतं. कायम झाल्यापासून तो आमच्याशी हिंदीत बोले. पण चिंधूवर त्याचा जीव होता, म्हणून गयाबाईनं त्याला एकट्याला कानाचं खरं सांगितलं, आणि चिंधूच्या कामाचं तो मराठीत बोलला.

"कानाची तपासणी अशी हाये," तो म्हणाला. "भितीकडे तोंड करून स्टुलावर बसवते. डोये मिटाले लावते. डाक्तर मागं दारात उभा राह्यते अन् हळूच पुसते. नाव काय, गाव कोणतं, काम कोणतं. बस. पण कोणतं आधी पुसन त्याचा नेम नाई. लोकं पाठ करून येत होते नं."

"पायाच्या अंगठ्याले दोरी बांधू," मी सुचवलं.

"एकानं बांधली होती. डाक्तरनं ओढली, तं खिडकीतून त्याचा अख्खा साळा आत आला."

चुलीवर काहीतरी करपायला लागलं होतं. गयाबाई एकदम म्हणाली, "वास तं आत जाते नं?"

शेडची टिनाची भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर फट होती. वारा मागच्या माळावरून शेडकडे. गयाबाईनं सगळं तिथंच जुळवलं. लसणाच्या गाण्यात नाव आहे. मासोळीच्या गाण्यात गाव आहे, तिची जोड अशी, "माह्या गावच्या तळ्याची पाळ नाई विसरली." आणि मिरचीच्या गाण्यात भाताचा रोवणा करणाऱ्या बायांचे हात झोंबतात, म्हणजे ते कामाचं गाणं. हिरालाल दारात उभा राहून डाक्तरचा प्रश्न ऐकणार आणि बोटानं खुणावणार, वर म्हणजे नाव, खाली म्हणजे गाव, आडवं म्हणजे काम. गयाबाई शेडच्या मागे चूल मांडून तापलेल्या तव्यात ते ते टाकणार. आत चिंधू हुंगणार आणि जवाब देणार.

तिनं चिंधूपुढे तिन्ही जिनसा मांडल्या. लसणाची कांदी उचलली. "नाव!" चिंधूनं मान हलवली. सुकी मासोळी उचलली. "गाव!" त्यानं मान हलवली. मिरची उचलली. तो हसला. "काम," तोच म्हणाला. मग बराच वेळ त्या मासोळीकडे पाहत राहिला.

"करून पाहू का एकडाव?" मी विचारलं. "याले तिकडे तोंड करून बसवू."

"कायले?" गयाबाई म्हणाली. ती मला कधी दिसली नव्हती तशी खुशीत होती. "जन्मापासून याच वासावर वाढला. अन् मासोळी उगीच कायले जाळू? ती तं भावानं एवढी तेवढी पाठवली."

तपासणीच्या दिवशी सकाळीच आम्ही शेडच्या मागच्या कोपऱ्याशी, दार दिसेल अशा बेतानं, बाभळीखाली तीन दगडांची चूल मांडली. कोणी विचारलं तर रांगेतल्या लोकांसाठी सैपाक. मी फुंकणी धरली. गयाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तव्यावर तेल धूर सोडेपर्यंत तापवलं.

चिंधूचा नंबर आला. आतून स्टूल सरकल्याचा आवाज. हिरालालनं दारातून बोट खाली केलं. गाव!

गयाबाईनं मूठभर मासोळी तव्यात टाकली. चर्रर्र झालं. आता त्या वासाबद्दल मी काय सांगू. रांगेत पन्नास माणसं उभी होती, पन्नासच्या पन्नास गप्प झाली. एक ओडिया मजूर आपल्या आईची आठवण काढून रडू लागला. सुपेल्याची मांजरं निघाली ती थेट शेडवर. वाटेनं जाणाऱ्या जीपमधला एक रशियन साहेब गाडी थांबवून उतरला, हुंगत हुंगत बाभळीपर्यंत आला आणि टोपी काढून उभा राहिला.

आतून काही आवाज नाही.

"कहाँ के हो?" डाक्तर पुन्हा म्हणाला. इतक्या हळू की मला दगडावर चढून फटीशी कान लावावा लागला.

गयाबाईनं उरलेली सगळी मासोळी तव्यात ओतली. "झोपला का जी?" ती मला म्हणाली. "वारा फिरला का?"

वारा कुठे फिरला होता! धूर शेडमध्ये जाताना आम्हाला दिसत होता. आत डाक्तर स्वतःच शिंकला आणि म्हणाला, "अरे, ये क्या पक रहा है?"

हिरालालनं बोट वर केलं. नाव! डाक्तरनं प्रश्न बदलला होता. गयाबाईनं ठेचलेला लसूण टाकला, होता नव्हता तेवढा. लसूण लाल झाला, मग काळा झाला. मी फटीतून पाहिलं. चिंधू स्टुलावर ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. डोळे घट्ट मिटलेले. नाकपुड्या फुगवत होता, आवळत होता, पुन्हा फुगवत होता. कोंडलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं त्याचं.

मी चुलीकडे वळलो. गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिचा हात सुटला, किंवा तिनं मुद्दाम केलं, देव जाणे. पदराखालची मिरच्यांची पुडी तशीच्या तशी तव्यात पडली.

मिरचीला नाक लागत नाही, घसा पुरतो. धूर आत गेला तसा डाक्तर खोकत बाहेर पळाला, हिरालाल बाहेर पळाला, मांजरं पळाली, साहेब टोपी विसरला. आणि आत एकटा चिंधू, डोळ्यांतून धारा लागलेल्या, खोकत खोकत आनंदानं ओरडला, "काम! काम पुसून राह्यले! रिबिटचं काम, साहेब! टाकीच्या आत बसतो! डांबरबी लावतो! सारं करतो!"

त्याच्या मागे दारात कोणी नव्हतं. तो भिंतीला सांगत होता.

डाक्तर वाईट माणूस नव्हता. डोळे धुऊन तो परत आला, त्यानं चिंधूच्या पाठीशी दोनदा टाळी वाजवली आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चिंधूनं वळून पाहिलं. डाक्तरच्या तोंडावरून त्याला सगळं कळलं. तोंडं वाचायला तो शिकला होता.

दुपारी आम्ही बाभळीखालीच बसलो होतो. तवा उपडा केलेला. गयाबाई नवऱ्यासमोर बसून एकेक शब्द बोलली. "वास नाई येत?"

त्यानं मान हलवली.

"कधीपासून?"

"डांबरापासून."

"अन् चव?"

त्यानं उपड्या तव्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "गरम समजते. थंड समजते."

"मंग डाळ खारट झाली म्हणत होते तं?"

"धोंडबाचं तोंड पाहून. तो पहिला घास घेते नं. खारट असली का डोया बारीक करते."

मी वर बाभळीच्या शेंगांकडे पाहू लागलो.

"मंग मी सांगलं तवा हो कावून म्हटलं?" ती ओरडली. "नाई म्हणाचं होतं! दुसरं काई केलं असतं!"

"तू एवढी खुशीत होती," चिंधू म्हणाला. "अन् मले वाटलं, एखादी तं येईन. मासोळी तं येईनच."

महिनाभरात ठेकेदाराचं काम संपलं, वस्ती उठली. टिनं, बांबू, तरटं सगळं मुकादमानं मोजून नेलं. हिरालालनं क्वार्टरात बोलावलं, पण त्याच्या घरात आधीच सासर आणि माहेर दोन्ही येऊन बसली होती. गयाबाईनं सुपेल्याच्या रस्त्याकडेला चार काठ्यांवर पोतं टाकलं आणि ट्रकवाल्यांसाठी डाळभात, भजी विकायला बसली. मला वाटलं, चला, हिच्या हाताला चव आहे, निभेल.

पण ती आता गात नव्हती. ज्याला ऐकूही येत नाही आणि चवही लागत नाही, त्याच्यासाठी काय म्हणायचं? आणि गाणं नाही तर डाळ कधी उतरवायची ते तिला समजेना. माझ्याकडचं डबीचं घड्याळ मी तिला दिलं. ती घड्याळाकडे पाही आणि डाळीकडे पाही, दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे असं तिला वाटत नसे. एक दिवस कच्ची, एक दिवस बुडाला लागलेली. मी एकदा म्हणालो, "बाई, मनातल्या मनात म्हणून पाहा." तिनं पाहिलं करून. पहिल्या ओळीच्या पुढे जाता येत नाही म्हणाली. ट्रकवाले हळूहळू पलीकडच्या ढाब्यावर थांबू लागले.

मी शेवटचा गेलो तेव्हा दिवस मावळत होता. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता. भट्टी पेटून बरेच दिवस झाले होते. गिऱ्हाईक एकही नाही. गयाबाईनं पातेल्याच्या बुडाचं खरवडून चिंधूच्या ताटात वाढलं. काळपट, गोळा झालेलं काहीतरी. डाळ होती, पिठलं होतं की काय, मलाही ओळखू आलं नाही.

चिंधूनं सवयीनं मान तिरपी केली. ताटाकडे पाहिलं. ताट उजेडाकडे फिरवून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण मी अजून घास घेतला नव्हता.

"कोणतं गाणं हाये?" त्यानं तिला विचारलं.

गयाबाईनं ओठ उघडले. मग नुसतीच नाही म्हणून मान हलवली आणि तवा घासायला घेतला.

मग त्यानं घास उचलला आणि जोड न देताच खायला लागला.